कुणीतरी ओरडलं

फ्रेडरिक रुमाव माणसांचे श्वास कापून काढायचा. तेच त्याचं काम होतं. मुंबईतल्या एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत तो टेप जोडायला होता. रेडिओवरच्या जाहिरातीत एखादी बाई एका दमात साबणाचे तीन गुण सांगून जाते, तेव्हा तिचे मधले दोन श्वास फ्रेडरिकच्या टेबलाखालच्या डब्यात पडलेले असत. टेपवर पांढऱ्या पेन्सिलीनं दोन खुणा करायच्या, दाढीच्या ब्लेडनं तिरका छेद द्यायचा, मधला तुकडा टाकायचा आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोडायची. जोड कानाला कळता कामा नये. त्याचा कधीच कळत नसे.

मी १९८३ साली विरारच्या एका शाळेत इंग्रजीचा शिक्षक म्हणून लागलो आणि बोळिंजला फ्रेडरिकच्या घरात भाड्यानं राहिलो. पडवीलगतची एक खोली, मागे केळीची वाडी, वाडीत विहीर. तो तेव्हा चाळिशीला टेकलेला होता. अंगानं किरकोळ, कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं मोजकं. चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचा आणि कुणाचा सूर केसभर हलला तरी मान वळवून बघायचा. त्याची बायको ॲनीवहिनी शाळेत शिवण शिकवायच्या. घरात दोघंच. मूल नव्हतं. धाकट्या बहिणीला, बेटीला, आईवडील लवकर गेल्यावर त्यानंच वाढवलं होतं. ती लग्न होऊन निर्मळला गेली होती.

रविवारी दुपारी तो कानाला हेडफोन लावून टेप ऐकत बसे. हेडफोन लावलेला असला की त्याला स्वतःचा आवाज कळत नसे. ‘ॲनी, चहा’ एवढं म्हणायचा, तर वाडीतल्या माडावरचे कावळे उडायचे. वहिनी हसून म्हणायच्या, “सर, मी काही बहिरी नाही हं. ह्यांना वाटतं, आपण हळूच बोललो.”

आमची दोस्ती झाली ती भांडणातून. मला परदेशी रॉक संगीताचं वेड होतं. गावातला सॅन्टन जहाजावर नोकरीला होता. तो सुट्टीवर आला की कॅसेटी आणायचा. दुकानात मिळणाऱ्या नव्हेत. कुणीतरी मैफलीला जाताना कोटाच्या खिशात छोटा टेपरेकॉर्डर नेलेला असायचा, आणि त्यात जे येईल ते आलेलं असायचं. सुरुवातीला अर्धा मिनिट नुसती गर्दी. मग गिटार जुळवणं. गायक काहीतरी बोलतो, लोक हसतात, तार तुटते, तो थांबतो, ढोलवाला वेळ मारून नेतो, आणि मग गाणं पुन्हा उभं राहतं. एकच गाणं वीस मिनिटं चालतं, कारण त्या दिवशी त्यांना ते संपवावंसंच वाटलेलं नसतं. हे ऐकताना आपण तिथे उभे आहोत असं वाटायचं. पुढे काय होणार हे वाजवणाऱ्यालाही ठाऊक नाही, हे मला त्या आवाजात ऐकू यायचं.

फ्रेडरिकनं एकदा माझ्या खोलीच्या दारात उभं राहून दहा मिनिटं ऐकलं आणि त्याचा चेहरा आंबट झाला.

“सर, हा कचरा आहे.”

“का हो?”

“कुणी खोकतंय, कुणी खुर्ची ओढतंय. तिसऱ्या ओळीला तो गाणारा सपशेल घसरला. द्या माझ्याकडे. दोन रविवार बसतो आणि साफ करून देतो. एवढ्यातून चाळीस मिनिटांचा चांगला माल निघेल.”

“नको.”

“अहो, पण चुका कशाला ऐकायच्या?”

“चूक झाल्यावर तो काय करतो ते ऐकायला.”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शिळं अन्न आवडतं म्हणालो होतो. तरी दर रविवारी तो दारात यायचा, ऐकायचा आणि नाक मुरडून जायचा.

नाताळला बेटी मुलांना घेऊन आली. उंच, शांत बाई. चर्चमधल्या रात्रीच्या मिसेआधी, म्हणजे प्रार्थनेआधी, संध्याकाळी अंगणात सगळे कॅरल गायला बसले. शेजारपाजारचे आले होते, फ्रेडरिकचं व्हायोलिन चालू होतं. बेटी ओठ मिटून मुलांना थोपटत राहिली. भावाशी ती बोलत होती, पण पाहुण्याशी बोलावं तसं. ‘प्रवास झाला ना नीट’, ‘हो, झाला.’ मी नंतर सहज विचारलं, “बेटीताई गात नाहीत?”

वहिनी उठून आत गेल्या. फ्रेडरिकनं व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि मला गोष्ट सांगितली.

१९७८ साली गावातल्या पोरांनी एक बँड काढला होता. नाव ‘बावखल बॉईज’. बावखल म्हणजे तिकडच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. गिटारला पॉल, ढोलांवर जेम्स, दुसऱ्या गिटारला आमचा जहाजावरचा सॅन्टन. आणि बॉईज म्हणवणाऱ्या त्या बँडची गाणारी होती बावीस वर्षांची बेटी. काही गाणी इंग्रजी, तर काही त्यांनी स्वतः आपल्या बोलीत रचलेली. नाताळानंतरच्या रविवारी शाळेच्या मैदानावर चार ते सात असा कार्यक्रम झाला. आजूबाजूच्या पाच गावांतली माणसं आली. विरारच्या रामूनं भोंगे लावले होते. फ्रेडरिकनं स्टुडिओतलं मोठं यंत्र मागून आणलं, दोन माइक मैदानातल्या बांबूंवर बांधले, आणि स्वतः स्टेजच्या कोपऱ्यात हेडफोन लावून बसला.

“तिसरं गाणं चालू होतं,” तो म्हणाला. “आपल्या बोलीतलं. बेटीचा सूर वर चढला. मला हेडफोनमध्ये लगेच कळलं. आणि तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं. दारू प्यालेला असणार. काय ओरडला तेही धड कळत नाही, शाळेच्या भिंतीवरून आवाज घुमून आलाय. पण पोर घाबरली आणि थांबली. अकरा सेकंद. मी नंतर घड्याळ लावून मोजले. पुन्हा गायला लागली तेव्हा आवाज फाटलेला. मी ते सगळं काढून टाकलं. तीन तासांतून पंचेचाळीस मिनिटं ठेवली. तुम्ही ऐका आणि जोड कुठे आहे ते सांगा.”

मी ऐकलं. जोड सापडला नाही. बेटीचा आवाज स्वच्छ होता, वाद्यं स्वच्छ होती. रेडिओवर लागतं तसं ते वाजलं आणि संपलं.

“बेटीताई काय म्हणाल्या?”

“ऐकली. मग विचारलं, मधलं कुठे गेलं? मी म्हटलं, काढून टाकलं, आता कुणाला कधीच कळणार नाही. म्हणाली, ‘बरं केलंस.’ त्या दिवसापासून गाणं बंद.” त्यानं पेटीची कडी लावली. “एका दारुड्यानं माझ्या बहिणीचा गळा बंद केला, सर. मला तो सापडायला हवा होता.”

ही गोष्ट तो अनेकांना सांगायचा, हे मला पुढे कळलं.

१९८५च्या ईस्टरनंतरच्या रविवारी दुपारी रामू सायकलवरून आला. पन्नाशीचा, मिठागराच्या गावचा, बोलण्यात ‘ण’ नसलेला माणूस. त्यानं विरारची जागा सोडून सातिवलीला गोदाम घेतलं होतं आणि सामान हलवताना त्याला एका खोक्यात दोन कॅसेटी सापडल्या होत्या.

“फ्रेडीभाऊ, या तुमच्या बहिनीच्या कार्यक्रमाच्या हायेत. मी भोंग्यांच्या मशीनलाच टेप लावून ठेवला होता. स्टेजच्या माइकात जे गेलं ते सगलं यात हाय. मी काय परत ऐकलं नाय. माझ्याकडं कोन ऐकनार?”

फ्रेडरिक खूश झाला. माइकवरून थेट मशीनमध्ये, मधे मैदान नाही, भिंत नाही! आवाज त्याच्या मुद्रणापेक्षा स्पष्ट असणार. रामू चहा पिऊन गेला. फ्रेडरिकनं कॅसेट लावली आणि मला हाक मारली. वहिनी खाली बसून भिजवलेले वाल सोलत होत्या.

सुरुवातीला लग्नातलं कुठलंसं सिनेगीत अर्धवट लागलं, मग ‘थप्’ असा आवाज आला आणि एकदम शाळेचं मैदान खोलीत आलं. पॉल ‘हॅलो, हॅलो’ करत होता. जेम्स विचारत होता, माझी दुसरी काठी कुणी घेतली? एक कुत्रं भुंकलं. बेटी हसली. माइकच्या अगदी जवळ, मोकळं, पोरीसारखं हसणं. मी त्या बाईला दोन वर्षांत एकदाही हसताना ऐकलं नव्हतं. वहिनींनी मान वर केली.

पहिलं गाणं, दुसरं गाणं. मधे बडबड, तारा जुळवणं. फ्रेडरिकचा उजवा हात सवयीनं टेबलावर पेन्सिल चाचपत होता. मग तिसरं गाणं सुरू झालं. बेटी चढत गेली. सूर खरोखरच थोडा वर गेला होता, मलासुद्धा कळलं. आणि तो आवाज आला.

“बेटी, पुरे! बेसूर झालीस. उतर खाली. लाज आणलीस!”

शब्द न् शब्द लख्ख. गाणं तुटलं.

तो आवाज मला ताबडतोब ओळखू आला. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांचा हात वालांच्या पाण्यात तसाच थांबला होता आणि त्या जमिनीकडे बघत होत्या.

फ्रेडरिकनं बटण दाबून कॅसेट थांबवली. “हाच तो. आता शब्द कळले. कोण आहे हा?”

माणसाला स्वतःचा आवाज टेपवर परका वाटतो, हे त्याच्यासारख्या माणसाला सांगायची गरज नव्हती. त्यानं मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग तिसऱ्यांदा. आता तो कामाला लागला होता, डोळे मिटून, मान किंचित तिरकी.

“हा गर्दीतला नाही,” तो म्हणाला. “गर्दीतून आला असता तर असा कोरडा आला नसता. याला घुमारा नाही. हा माइकपासून फार तर सात-आठ फुटांवर आहे. म्हणजे स्टेजवर. दारुडा स्टेजवर कसा येईल? स्टेजवर पॉल, जेम्स, सॅन्टन. पॉल तिच्या पलीकडे होता, तो नव्हे. जेम्स ढोलांमागे, लांब. सॅन्टनचा आवाज जाड आहे. आणि कोपऱ्यात…”

तो थांबला. त्याचा चेहरा पांढरा पडत गेला तो मी पाहिला. त्यानं बायकोकडे वळून अगदी हळू विचारलं, “ॲनी, हा मी आहे?”

वहिनींनी मानेनंच ‘हो’ म्हटलं.

“मी मनात म्हटलं होतं. फार तर पुटपुटलो असेन. मी ओरडलो नव्हतो.”

“तुमच्या कानाला ते हेडफोन लावलेले होते,” वहिनी म्हणाल्या. “सगळ्या मैदानानं ऐकलं.”

“आणि तू सहा वर्षं काही बोलली नाहीस?”

“मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे! तुम्ही दारुड्याचं सांगायला लागलात, मला वाटलं, लाज झाकताय. नवऱ्याची लाज मी कशी उघडी पाडू? गावात सगळ्यांना असंच वाटतं. तुमच्यासमोर कोण बोलणार?”

तो खुर्चीवर बसला नाही, कोसळला. मी पाणी आणलं. ते त्यानं हातात धरून ठेवलं. मग स्वतःच बटण दाबलं आणि कॅसेट पुढे चालू झाली.

ते अकरा सेकंद मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. कुठेतरी तान्हं मूल रडत होतं. बाक करकरला. पॉल कुजबुजला, “बेटी, गा. आम्ही आहोत.” आणि मग बेटी माइकमध्ये, आवाज न चढवता म्हणाली, “मी उतरणार नाही.”

“हे मी तेव्हाही ऐकलं होतं,” फ्रेडरिक पुटपुटला. “मला वाटलं, दारुड्याला म्हणतेय.”

मग ती गायली. वाद्यांशिवाय, फाटक्या आवाजात, जिथे तुटलं होतं तिथूनच. दोन ओळींनंतर जेम्सनं हलकेच ठेका धरला. पॉलची गिटार आली. आवाज फाटकाच राहिला, पण मोठा होत गेला. मैदानातून टाळ्या सुरू झाल्या, ठेक्यावर, आधी थोड्या आणि मग सगळ्या. शेवटी तर बायका तिच्याबरोबर गात होत्या. मी जगभरच्या मैफलींच्या कॅसेटी ऐकल्या होत्या. असं काही ऐकलं नव्हतं. आणि हे त्यानं सहा वर्षांपूर्वी ब्लेडनं कापून डब्यात टाकलं होतं.

कॅसेट संपली. फ्रेडरिक उठला, कॅसेटी खिशात टाकल्या, सायकल काढली आणि म्हणाला, “सर, माझ्याबरोबर चला. मला एकट्याला जमणार नाही.”

आम्ही निर्मळला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बेटी वाडीत मोगऱ्याच्या कळ्या खुडत होती. आम्हाला असं न सांगता आलेलं पाहून ती घाबरली. “ॲनीवहिनी बरी आहे ना?”

“बरी आहे. बेटी, तो दारुडा मीच होतो.”

ती बघतच राहिली. “हे आज काय नवीन?”

“मला माहीत नव्हतं. रामूकडची टेप मिळाली, तिच्यात ऐकलं. आज दुपारी.”

“खोटं बोलू नकोस, दादा.”

“आईची शपथ.”

तिच्या हातातली टोपली कलली आणि कळ्या मातीत सांडल्या. तिनं त्या उचलल्या नाहीत. “सहा वर्षं,” ती म्हणाली. “सहा वर्षं मी समजत होते की तू भर मैदानात माझा अपमान केलास, मग ते कापून टाकलंस, आणि वर दारुड्याची गोष्ट रचलीस. माझ्या लग्नाच्या मांडवातसुद्धा तू ती सांगितलीस. माझ्या सासूला! मी तिथे उभी होते. मला वाटलं, माझा भाऊ इतका खोटारडा कसा झाला? तेव्हा टेप ऐकून मी ‘बरं केलंस’ म्हटलं, ते टोचून म्हटलं होतं.”

“आता कळलं.”

“आणि तुला ठाऊकच नव्हतं?” ती विहिरीच्या कठड्यावर बसली. “मग मी इतकी वर्षं रागावले कुणावर?”

“माझ्यावरच. बरोबर रागावलीस,” फ्रेडरिक म्हणाला. “आवाज मोठा झाला ते मला कळलं नाही, भिंतीवरून घुमून परत आला तो दुसऱ्याच कुणाचा वाटला. पण शब्द माझेच ना? मनात होते म्हणून तोंडात आले. सूर थोडा चढला तर मला बहिणीची लाज वाटली. ते हेडफोननं केलं नाही.”

ती रडली नाही. त्याला जवळही घेतलं नाही. नवरा, फर्डिनंड, घरातून बाहेर आला, त्याला काहीच उमगेना. त्यानं आम्हाला बसायला खुर्च्या आणल्या. निघताना तिनं हात पुढे केला. “टेप दे.”

महिनाभर ती टेप तिच्याकडे होती. मग एका रविवारी ती एकटीच आली आणि कॅसेटी टेबलावर ठेवल्या. “पॉलला, जेम्सला आणि सॅन्टनला एक-एक प्रत काढून दे. काही काढायचं नाही. तुझंही नाही.”

“नाही काढणार.”

त्यानं प्रती काढल्या. तीन काढायला सांगितल्या होत्या, पण लोक मागत गेले आणि तो देत गेला. घरी ऐकायला माणसं यायची. तिसऱ्या गाण्याला तो आवाज यायचा तेव्हा वहिनी आत निघून जायच्या. फ्रेडरिक खोलीतच बसून राहायचा. एकदा पापडी गावच्या एका तरुणानं विचारलं, “कोण हो हा बेशरम?” फ्रेडरिक म्हणाला, “मी.” तो तरुण त्यानंतर चहासुद्धा प्यायला नाही.

स्टुडिओतली नोकरी त्यानं सोडली नाही. साबणवाल्या बाईचे श्वास काढणं त्याला भागच होतं. पण माझ्या कॅसेटी तो आता मागून न्यायचा आणि सुरुवातीच्या गर्दीपासून शेवटच्या खरखरीपर्यंत ऐकायचा. परत देताना म्हणायचा, “सर, तार तुटल्यावर तो गाणारा चार सेकंद थांबला. त्या चार सेकंदांत त्याला घाम फुटला असणार बघा.” त्याची ती तंद्री पाहून मला कधी बरं वाटायचं, कधी वाईट.

बेटी पुन्हा स्टेजवर गेली नाही. पॉलनं विचारलं होतं. ती म्हणाली, मला आता तो हट्ट राहिला नाही. भावाशी मात्र बोलणं वाढलं, आधी मुलांच्या अभ्यासाचं, मग वाडीचं. एकदा मी दोघांना विहिरीपाशी कडाडून भांडताना ऐकलं. आईच्या बांगड्या कुणी कुठे ठेवल्या यावरून. वहिनी आतून म्हणाल्या, “भांडू दे त्यांना.”

१९८६च्या मे महिन्यात रामूच्या मुलीची हळद होती. भर दुपारी, मांडवात, दोनशे माणसं. आम्ही सगळे गेलो होतो. बायका हळदीची गाणी म्हणत होत्या, आणि एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या वेळात बेटी उठली. कुणी आग्रह केला नव्हता. ती सरळ माइकपाशी गेली आणि त्यांच्या बोलीतलं ते तिसरं गाणं गायला लागली. फ्रेडरिकच्या हातातला सरबताचा पेला वाटेतच थांबला. वहिनींनी माझा दंड घट्ट धरला. बेटी तीसएक वर्षांची झाली होती, आवाज खाली आला होता. दुसऱ्या कडव्याला ती शब्द विसरली, तर तिथे ‘ला ला’ म्हणाली, आणि मांडवातल्या बायकांनी तेच ‘ला ला’ तिच्यामागून म्हटलं.

मी रामूला शोधत मशीनकडे धावलो. “टेप लावलीय ना?”

रामूनं कपाळावर हात मारला. मुलीच्या हळदीत त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. कुणीच काही लावलं नव्हतं.

मी परत येऊन फ्रेडरिकला ते सांगितलं. मला वाटलं, तो हळहळेल. त्याचे डोळे भरलेले होते आणि तो अजून माइककडेच बघत होता. बेटी तोवर जागेवर जाऊन मुलाचं नाक पुसत होती.

“राहू दे, सर,” तो म्हणाला. “चला, पंगत बसली.”